वर्ष न लिहिलेल्या सुट्ट्या

बुधवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन नंबरच्या खोलीत दोन वर्ग एकदमच येऊन उभे राहिले. शिवणवर्गाचे बाराजण कापडाच्या पिशव्या आणि कात्र्या घेऊन आधीच आत शिरले होते. मागोमाग प्रथमोपचाराचे चौदाजण आले, आणि त्यांच्या मागून त्यांचा शिक्षक, जो दिवसा रुग्णवाहिका चालवायचा, माणसाएवढा रबरी बाहुला खांद्यावर टाकून आला. खोलीत लांब टेबल एकच, कापड कापायचं. त्याने बाहुला त्यावर आडवा केला आणि घाम पुसला.

शिवणबाईंनी बाहुल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"याचं माप घ्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या, कारण दारात हातात कागद धरून नवीबाई उभी होती.

तिला संस्थेत लागून चार महिने झाले होते, तरी ती अजून नवीबाईच होती. आधीचे कारकून, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसले होते. त्या हिशेबात चार महिने म्हणजे काहीच नाही. संस्था तशी लहान. औषधाच्या दुकानावर तीन खोल्या आणि एक कचेरी. दिवसभर कामधंदा करणारी मोठी माणसं संध्याकाळी तिथे शिकायला यायची: शिवण, चित्रकला, प्रथमोपचार, विजेची छोटी दुरुस्ती. कुणाला कधी, कुठल्या खोलीत यायचं हे सांगणं नवीबाईचं काम.

तिने हातातला कागद पाहिला. शिवण, बुधवार, सहा, खोली दोन. पान उलटलं. प्रथमोपचार, बुधवार, सहा, खोली दोन. दोन्ही बरोबर होतं, आणि दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

शेवटी रुग्णवाहिकावाल्याने बाहुला पुन्हा खांद्यावर घेतला आणि आपला वर्ग जिन्यात नेला. त्या संध्याकाळी वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या बँडेज बांधलेल्या पायावरून जावं लागलं.

आठ वाजता शिवणबाई कचेरीत आल्या. त्या पासष्टीच्या, जिभेने सुईसारख्या, पण दोरा ओवायला मात्र दुसऱ्याची मदत घेणाऱ्या.

"माझा वर्ग मंगळवारी असतो. काल का नव्हता?"

"काल सुट्टी होती ना," नवीबाई म्हणाली.

"कसली?"

 काल नवीबाई स्वतः कामावर आली होती. समोरची बँक उघडी होती. टपाल आलं होतं. शाळेची मुलं दप्तरं घेऊन गेली होती. सकाळी पडद्यावर 'सुट्टी' असं वाचलं आणि तिने ते मानलं, एवढंच. शिकणाऱ्यांना तर आदल्या संध्याकाळीच आपोआप निरोप गेला होता: उद्या सुट्टी, तुमचा वर्ग बुधवारी.

"बघते," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, काल कसली सुट्टी होती?"

"कुणाला?"

"सगळ्यांना."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "मला तर नव्हती. मी काल दोन तास एका लिफ्टच्या दाराबाहेर उभा राहून आतल्या वकिलाला धीर देत होतो. त्यालाही नसावी, कारण तो कोर्टातच निघाला होता."

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत तिने संगणक लावला. संस्थेचं कॅलेंडर म्हणजे भिंतीवर असतं तसं चौकटींचं आणि चित्रांचं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, बस. भाऊंनी ते कित्येक वर्षांपूर्वी स्वतः रचलेलं होतं. त्यात दोन फायली. एकीत वर्ग, दुसरीत सुट्ट्या. वर्गांच्या फायलीत प्रत्येक वर्गाला एक ओळ, आणि ती वाचली तर कुणालाही कळेल अशी: 'शिवण, दर मंगळवारी, सहा ते आठ, खोली दोन, बारा पाठ, सुट्टी आली तर नंतर.' सगळी मेख त्या शेवटच्या शब्दात. 'नंतर' लिहिलं की सुट्टीच्या दिवशीचा पाठ पुढच्या दिवशी जायचा. 'वगळ' लिहिलं की तो बुडायचा. रोज संध्याकाळी संगणक दोन्ही फायली ताडून बघायचा आणि ज्याला त्याला निरोप धाडायचा.

हे सगळं भाऊंनी जाताना तिला तीन दिवस बसवून शिकवलं होतं. फार छान शिकवलं होतं. तिन्ही दिवस तेच, पहिल्यापासून, त्याच उदाहरणांसकट. तेव्हा तिला वाटलं होतं, पक्कं व्हावं म्हणून घोटून घेतायत.

आता तिने सुट्ट्यांची फाइल उघडली आणि ओळी मोजल्या. एकतीस. भिंतीवर सरकारी सुट्ट्यांची यादी टाचलेली होती, त्यात सतरा. त्या सतरा सुट्ट्या फायलीतही होत्या, नावानिशी. उरलेल्या चौदा ओळींत नुसती तारीख आणि महिना, आणि पुढे एकच शब्द, 'सुट्टी'. परवाचा मंगळवार त्यांतच होता.

तिने भाऊंना फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला आणि त्यांना दिला. नवीबाईने तारीख सांगितली आणि ही सुट्टी कसली म्हणून विचारलं. भाऊ क्षणभरही अडले नाहीत.

"लिहिलीये ना तिथे?"

"हो, लिहिलीये."

"मग सुट्टी आहे. काढू नका हं ती." आणि त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, नवं काम कसं चाललंय, सर बरे आहेत ना, आणि फोन ठेवला.

नवीबाई रिसीव्हर हातात धरून बसली. माणूस एवढ्या खात्रीने बोलला की आपल्यालाच आपली शंका येते. परवा खरंच सुट्टी असेल आणि आपण, बँक, टपालवाला, सगळ्यांनीच चुकून काम केलं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग ती सरांकडे गेली. सर संस्थेचे संचालक. कायम घाईत, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधत. त्यांनी यादीकडे धड पाहिलंही नाही. सरकारी यादी प्रमाण धरा, बाकीच्या उडवा, असं म्हणाले. तिने चौदाच्या चौदा ओळी उडवल्या. वर त्यातल्या त्यात शहाणपणा म्हणून जुन्या फायलीची एक प्रत ठेवली.

आणि मग गोंधळात गोंधळ झाला. सुट्टी उडाल्याबरोबर संगणकाच्या लेखी मंगळवार हा साधा दिवस झाला, आणि शिवणवर्ग मंगळवारीच झालेला ठरला. बुधवारचा वर्ग त्याच्या दृष्टीने कधी झालाच नाही. संध्याकाळी त्याने इमानेइतबारे सगळ्यांना दुरुस्तीचा निरोप पाठवला: 'तुमचा मागचा पाठ मंगळवारी झाला. बुधवारी वर्ग नव्हता.'

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, मंगळवारी वर्ग होता तर मला का कळवलं नाही. कुणी म्हणालं, माझी गैरहजेरी लावू नका, मी आलेला निरोप दाखवते. एक निवृत्त परिचारिका होती, शांत बाई, तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बुधवारी मी कुठे होते?"

 नवीबाईने त्या बाईंची माफी मागितली, आणि कशाबद्दल मागितली ते तिचं तिलाही नीट कळलं नाही.

त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, चित्रकलेचा वर्ग होता. पावणेसहाला ती बाहेरचं काम उरकून परत आली तर गुंडाळलेले कागद आणि रंगाच्या पेट्या घेतलेली नऊ माणसं औषधाच्या दुकानापुढे ताटकळत उभी. जिन्याच्या दाराला कुलूप, आणि फटीतून डोळ्यांत पाणी आणणारा वास. राखणदार नाकाला रुमाल लावून बाकावर बसला होता.

"आज वर जायचं नाही," तो म्हणाला. "झुरळांचं औषध मारलंय. दर वर्षी ह्याच तारखेला मारतात. भाऊंना माहीत होतं की."

"मला कुणी सांगितलं नाही."

"भाऊंनाही कधी सांगावं लागलं नाही," राखणदार म्हणाला.

उडवलेल्या चौदा ओळींत ही तारीख होती. म्हणजे बिननावाची एक सुट्टी तरी खरी होती. मग बाकीच्या तेरा? खऱ्या की खोट्या? आणि खऱ्या असतील तर मंगळवारी काय होतं? तिला लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून गोल फिरवायचे आणि मग सोडून द्यायचे, तसं झालं. हात पुढे करावा तर भिंत नाही, पाय टाकावा तर पायरी.

त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली की ही नोकरी आपल्याला जमणार नाही. तो म्हणाला, यंत्र ज्याने बसवलं त्यालाच जाऊन भेट, फोनवर लिफ्ट दुरुस्त होत नाही. तिने जुनी प्रत परत जागेवर ठेवली, सगळ्या चौदा सुट्ट्या पुन्हा आल्या, आणि रविवारी दुपारी त्या तारखा एका कागदावर उतरवून ती भाऊंच्या घरी गेली.

तिसरा मजला. घर दोन खोल्यांचं, लखलखीत. दारामागे खिळ्याला एक किल्ली टांगलेली आणि तिच्याखाली चिठ्ठी: 'ही या घराची.' नवीबाईने ती वाचली, पण तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. विसराळू माणसं असतातच की.

भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि अदबीने विचारलं, "प्रवेश कुठल्या वर्गात हवाय?"

तिला वाटलं, चेष्टा करतायत. ती हसली. तेही हसले. आतून त्यांच्या बायकोने, वहिनींनी, सांगितलं, "अहो, या तुमच्या कचेरीतल्या बाई. तुमच्या जागी आल्यात त्या."

"हो, हो, ते मी ओळखलं," भाऊ म्हणाले.

तिने कागद पुढे केला. कॅलेंडरचा विषय निघाला तसे भाऊ वेगळेच झाले. खुर्ची पुढे ओढली, पेन काढलं आणि समजावू लागले. सुट्टी लागून आलेल्या दोन दिवसांची असेल तर 'नंतर' कसं दोन पावलं उडी मारतं. दोन वर्ग एकाच खोलीत येऊ नयेत म्हणून आधी खोलीची ओळ कशी बघायची. पाठांची संख्या लिहिली नाही तर वर्ग कसा जन्मभर चालू राहतो. नवीबाईला चार महिन्यांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या पंधरा मिनिटांत कळलं. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग तिने तारखा विचारायला सुरुवात केली.

पहिलीला भाऊ म्हणाले, त्या दिवशी इमारतीत पाणी नव्हतं. दुसरीला म्हणाले, मतदान होतं. तिसरीला वीज गेली होती. ती एकेक लिहून घेत गेली. गेल्या मंगळवाराला ते म्हणाले, जिना रंगवत होते. ती खाली उतरत शेवटापर्यंत गेली, चौदाही झाल्या. मग खात्री करावी म्हणून तिने पहिली तारीख पुन्हा विचारली.

"मतदान होतं त्या दिवशी," भाऊ म्हणाले.

"आणि पाणी?"

"पाणी कसलं?"

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. आपण लिहिताना ओळ चुकलो की काय? तिने मंगळवार पुन्हा विचारला. तेव्हा सरांच्या घरी काही कार्य होतं असं उत्तर आलं, तितक्याच शांतपणे, तितक्याच खात्रीने. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूसही नव्हता. तिने आणखी एक विचारली आणि मग विचारायचं थांबवलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

चहा झाला. भाऊंनी पुन्हा एकदा विचारलं, प्रवेश कुठल्या वर्गात हवाय, आणि या वेळी नवीबाई हसली नाही.

ती निघाली तशी वहिनींनी पिशवी घेतली. दूध आणायला जाते म्हणाल्या, बाहेरून दाराला कडी घातली, आणि तिच्याबरोबर जिना उतरू लागल्या.  खाली दुकानाशेजारच्या कट्ट्यावर वहिनी बसल्या आणि पिशवीतून त्यांनी गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, घडी घातलेलं.

"तुमच्या तारखा वाचा," त्या म्हणाल्या.

नवीबाई वाचू लागली. वहिनी पानं उलटत होत्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. या मंगळवारच्या तारखेला गेल्या वर्षी सोमवार होता, त्यावरही ठिपका.

"हे काय आहे, वहिनी?"

"ते घरून निघाले आणि कचेरीत पोचले नाहीत, ते दिवस."



वहिनींनी हळूहळू सांगितलं. पहिल्यांदा झालं ते गेल्या वर्षाच्या सुरुवातीला. भाऊ दुपारी तीनला किल्ल्या घेऊन निघाले आणि आठ वाजता घरी आले, पाय धुळीने भरलेले. म्हणाले, औषधाचं दुकान सापडलं नाही. एकदा बस जिथे संपते तिथल्या बाकावर सापडले. एकदा कुणी अनोळखी बाईने हाताला धरून आणून सोडलं. मध्ये कधी महिना-दीड महिना सगळं सुरळीत, आणि मग पुन्हा एक दिवस तसा. इकडे वर्ग कुलपापाशी येऊन परत जायचे. दुसऱ्या दिवशी भाऊ संगणकासमोर बसायचे, त्या तारखेपुढे 'सुट्टी' लिहायचे आणि घरी येऊन तसं सांगायचे. मग संगणक सगळ्यांना निरोप द्यायचा की काल सुट्टी होती, तुमचा पाठ पुढे गेला.

"पण मला वाटतं, ते खोटं लिहीत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "कुलूप उघडलं गेलं नाही म्हणजे सुट्टीच असणार, असं त्यांना खरंच वाटायचं. एकोणीस वर्षांत ते कधी चुकले नव्हते ना. मग चुकलं कोण? दिवस."

"सरांना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आमच्या मुलीलाही मी सांगितलंय की यांनी गुडघेदुखीने नोकरी सोडली." त्यांनी कॅलेंडरची घडी घातली. "तुम्ही सांगायचं की नाही ते मी सांगणार नाही. मला माझंच काही सुचत नाही."

चौदापैकी बारा तारखांवर ठिपके होते. दोनांवर नव्हते. एक झुरळांच्या औषधाची. दुसरी कसली ते वहिनींना माहीत नव्हतं. राखणदाराला विचारल्यावर कळलं, त्या दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी धुतात, दर वर्षी.

एक गोष्ट मात्र नवीबाईला अजून उमगत नव्हती. गेल्या वर्षीचे चुकलेले दिवस या वर्षी का उगवावेत? सोमवारी दुपारी ती त्या ओळींकडे टक लावून बसली. पाण्याच्या टाकीची ओळ, औषधाची ओळ, आणि बाकीच्या बारा, सगळ्या सारख्या. तारीख, महिना, सुट्टी. आणि मग तिला दिसलं की सरकारी सुट्ट्यांपैकी ज्या दर वर्षी वेगळ्या दिवशी येतात त्यांच्यापुढे वर्षही लिहिलेलं आहे. या चौदांपुढे ते नव्हतं. वर्ष लिहिलं नाही, की संगणक ती सुट्टी दर वर्षीची धरतो. टाकी आणि औषध दर वर्षीचंच होतं. पण भाऊ ज्या संध्याकाळी रस्ता चुकले त्या बारा संध्याकाळी आता जन्मभर, दर वर्षी, त्याच तारखेला संस्थेला सुट्टी देत राहिल्या असत्या.

उडवणं सोपं होतं. पण तिने एकेका ओळीपुढे गेल्या वर्षाचा आकडा लिहिला, बारा वेळा. गेल्या वर्षीचे पाठ त्या हिशेबानेच पुढे सरकले होते, वह्यांत तसेच नोंदले होते. ते आता हलवलं तर पुन्हा कुणीतरी विचारलं असतं, मी कुठे होते म्हणून. हे कारण खरं होतं. शिवाय पुसायला तिचा हात धजेना, तेही खरं. ज्या दोन ओळी खऱ्या सुट्ट्यांच्या होत्या त्यांपुढे तिने नावं लिहिली. आणि शिवणवर्गाचा तो एक पाठ बुधवारी झाला असं निराळं नोंदवलं, म्हणजे शांत परिचारिका बुधवारी जिथे होती तिथे परत आली.

राहिला प्रश्न सांगण्याचा. दोन दिवस ती त्याच घोळात होती. सांगावं तर एका भल्या माणसाच्या एकोणीस वर्षांवर पाणी पडतं, न सांगावं तर आपण कशात सामील होतोय तेच कळत नाही. नवऱ्याला तिने नाव न घेता विचारलं. तो म्हणाला, लिफ्ट बंद पडली की लोक आधी विचारतात बिघडवली कुणी. मी आधी आत कोण आहे ते बघतो.

"इथे आत कोण आहे तेच तर कळत नाही," ती म्हणाली.

गुरुवारी सरांनी तिला बोलावलं. सुट्ट्यांचा घोळ मिटला का, विचारलं. ती म्हणाली, मिटला, काही ओळींत वर्ष लिहायचं राहिलं होतं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सरांनी मान डोलावली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "भाऊंचं शेवटी कामात लक्षच नव्हतं. मधूनमधून कुलूप लावून गायब व्हायचे. दुसरीकडे कुठेतरी शिकवण्या धरल्या असणार. म्हणून त्यांनी सोडतो म्हटल्यावर मी थांबा म्हटलं नाही. निरोपसमारंभही केला नाही, खरं सांगायचं तर."

नवीबाईने न सांगायचं ठरवलं होतं. निदान आज तरी नाही, असं. पण हे ऐकल्यावर तिच्या तोंडून निघालंच, "शिकवण्या नव्हत्या, सर. त्यांना रस्ता सापडत नव्हता."

आणि मग तिने कट्ट्यावर जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं.  संपल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "मी त्यांच्यावर चिडलो होतो हो वर्षभर. आता ह्या चिडण्याचं काय करायचं?"



तिने वहिनींना फोन करून कबूल केलं की आपल्याकडून सरांना सांगितलं गेलं.  वहिनी म्हणाल्या, बरं झालं, आणि लगेच म्हणाल्या, बरं झालं की नाही ते मला कळत नाही, पण आता मुलीला सांगेन.

त्या रविवारी सर भाऊंकडे गेले. सोमवारी ते कामावर आले ते थेट नवीबाईच्या टेबलापाशी, आणि खुर्ची ओढून बसले. अशी वेळ काढून बसलेले तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ओळखलं का त्यांनी?" तिने विचारलं.

"नाही. प्रवेश कुठल्या वर्गात हवा विचारलं." सरांनी चष्मा काढला. "मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, चित्रकला. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं. बुधवारी पाच वाजता, म्हणाले. वेळेवर या."

"मग?"

"मग काय. गेलं पाहिजे, नाव घातलंय तर."

तिला वाटलं, एखादवेळ जातील. पण बुधवार आला की सर साडेचारला उठून जाऊ लागले. वहिनींनी जेवायचं टेबल रिकामं करून त्यावर कागद अंथरलेला असायचा. भाऊंना चित्रकला येत नव्हती. ती त्यांनी कधी शिकवलीही नव्हती, फक्त तिच्या वेळा लावल्या होत्या. पण ते समोर बसायचे, कप काढा म्हणायचे, किल्ली काढा म्हणायचे, आणि सर काढायचे. कधी भाऊही पेन्सिल घ्यायचे. मुलगी येऊन गेली होती. दवाखान्यात दाखवून झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि फारशी आशा नव्हती दिली.

शिवणवर्गाचे बारा पाठ पुरे झाले, मंगळवारचे मंगळवारी. शेवटच्या दिवशी शिवणबाईंनी नवीबाईला दोरा ओवायला हाक मारली, पण नवीबाई म्हणूनच.

एका गुरुवारी सकाळी सर जरा पडलेल्या चेहऱ्याने आले.  नवीबाईने विचारलं, काल भाऊंना बरं नव्हतं का?

"त्यांना काय होतंय," सर म्हणाले. "मला वाटेत उशीर झाला, सव्वापाच वाजले. त्यांनी वही दाखवली. माझी गैरहजेरी लावलीये."

नवीबाईला हसावं की नाही ते कळेना.

"मग काय केलंत?"

"माफी मागितली," सर म्हणाले. "पुढच्या बुधवारपासून मी चारलाच निघणार आहे. तेवढं इथे बघाल ना?"